किनारा नसलेला गोवा: सध्या काय वाचलंत, पाहिलंत, ऐकलंत?

कुशावती

गेल्या काही महिन्यांत वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं जे मनातून हलत नाही, ते सगळं एकाच बाजूचं निघालं. त्यात समुद्र नाही. गोव्याबद्दल बाहेर जे काही बनतं ते वाळूवर सुरू होतं आणि वाळूवरच संपतं. आपणही हळूहळू तेच आपलं चित्र म्हणून मान्य करत चाललोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सांगे, धारबांदोडा, केपें, सत्तरी, डिचोली एवढे तालुके धरले तरी राज्याची निम्म्याहून जास्त जमीन होते. तिथली माणसं कुठं दिसतात? म्हणून हा धागा काढतेय. तुम्ही अलीकडे जे काही मन लावून वाचलंत-पाहिलंत ते सांगा, गोव्याबाहेरचं असलं तरी चालेल. माझी सुरुवात मात्र इथल्या मातीपासून.

पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' पुन्हा वाचली. १९७७ ची कोंकणी कादंबरी, इंग्रजीत गेलेली पहिली कोंकणी कादंबरीही हीच. मराठी वाचणाऱ्याला देवनागरीतलं कोंकणी जड जात नाही, चार पानांत कान बसतो. शेतीवर जगणारं एक गाव, तिथं खाण येते, आणि पंढरीचं घर बघता बघता उसवत जातं. खाणीत काय होतं यापेक्षा घरात काय होतं याकडे नायकांचं लक्ष जास्त आहे. रोजचा रोख पैसा हातात पडायला लागल्यावर नवराबायको एकमेकांशी कसं बोलतात, पोरं कुणाचं ऐकायची थांबतात, बैलाची किंमत कधी उतरते, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेल्या माणसाच्या सवयीनं लिहिलंय. त्यांचा जन्म फोंडा तालुक्यातल्या वळवईचा, म्हणजे खाणपट्टा त्यांच्या उंबऱ्यापासून लांब नव्हता.

मी ज्या रस्त्यावर राहते तिथून मिनेरचे, म्हणजे खनिजाचे ट्रक जायचे. पुढच्या खिडकीला आई ओलं गोणपाट लावायची. पाण्याचा टँकर रस्त्यावर फवारा मारून जायचा आणि थोड्या वेळात आंब्याची पानं पुन्हा तांबडी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. त्या काळात पेपरात टनांचे आणि कोटींचे आकडे वाचून आम्ही सगळे खाणतज्ज्ञ झालो होतो. पण ट्रक विकावा लागलेल्या शेजाऱ्याच्या घरात जे घडलं, ते मला या कादंबरीत अगोदरच लिहून ठेवलेलं सापडलं. बंदीच्या कितीतरी आधीची कादंबरी आहे ही. नायकांचं मोठेपण मला इथं वाटतं.

दुसरं, 'पलतडचो मनीस'. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा २००९ चा चित्रपट. टोरांटोच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता, पण आमच्या भागात कितीजणांनी पाहिलाय देव जाणे. महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवर आहे. रानात एकट्यानं राहणारा विधुर फॉरेस्ट गार्ड, त्याला भटकणारी एक वेडी बाई सापडते, तो तिला आसरा देतो. गाव त्या वेळी देऊळ उभारायच्या गडबडीत आहे. चित्तरंजन गिरी आणि आपली वीणा जामकर. वीणाच्या वाट्याला शब्द जवळजवळ नाहीतच, सगळं काम अंगानं आणि नजरेनं. ती भाताची ताटली ओढून घेते तो प्रसंग बघा. भुकेलं माणूस खाताना कुणाकडे बघत नाही, ती मात्र खाता खाता त्याच्या हाताकडे बघत राहते. घाटातला पाऊस इतका खरा मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेला नाही.

गाण्याबद्दल थोडक्यात. मे महिन्यात कुर्डीला गेले होते. साळावली धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं गाव वर येतं, विस्थापित झालेली माणसं सोमेश्वराकडे जमतात. मोगूबाई कुर्डीकर या गावच्या, जन्म १९०४. परत आल्यापासून त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतेय. गाण्यातलं मला शास्त्र कळत नाही, जाणकारांनी लिहावं.

रातांबा

कुशावती बाय, मनातलं लिहिलंत. मी पेडण्याची, त्यामुळे माझी भर दशावताराची.

सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' सप्टेंबर २०२५ मध्ये लागला तेव्हा आमच्याकडची घरंच्या घरं बघायला गेली. एरवी थेटरात पाय न ठेवणारी माझी मावशीसुद्धा आली. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री हा नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी. नजर जात असताना तोंडाला रंग लावायचा, म्हणजे हाताला चेहरा पाठ असला पाहिजे. प्रभावळकरांनी तो हात बरोबर पकडलाय. आमच्या देवळाच्या जत्रेत मी लहानपणापासून पडद्यामागे जाऊन रंगकाम बघत आलेय, मांडीवर छोटा आरसा, एका बोटानं भुवई ओढायची, बाजूला कुणीतरी पेटीवर सूर धरून बसलेला. वयस्क नटांचं बोट थरथरतं आणि भुवईला टेकलं की थांबतं. पडद्यावर ते बोट थांबलेलं पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उत्तरार्धात चित्रपट थरारपटाच्या वाटेला लागतो. मला ते नको होतं. बाबुली आणि त्याचा मुलगा यांच्यातलं नातं एवढं भरलेलं होतं की त्यावरच शेवटपर्यंत जाता आलं असतं. पण जमिनीवर आणि राईवर डोळा ठेवणाऱ्या खाणीचा विषय मोठ्या पडद्यावर, गर्दी खेचणाऱ्या मराठी चित्रपटात आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्यासाठी तो लांबचा विषय नाही, तेरेखोल नदी ओलांडली की खाणीचं रेडी गाव.

आणि ज्यांनी चित्रपट पाहिलाय पण खरा दशावतार पाहिला नाही त्यांना कळकळीची विनंती, एका तरी जत्रेला पूर्ण रात्र बसा. पालखी फिरून आल्यावर आड दशावतार होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर, हे सगळं झालं की मग आख्यान. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, कुणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि बोलणं रंगमंचावर जुळत जातं. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की पहाटे तीनला मंडपातलं एक माणूस उठत नाही. राणीचं काम करणारा पुरुष नऊवारी सावरत युक्तिवाद करतो तेव्हा बायका सगळ्यात जास्त दाद देतात, हे मी दर वर्षी बघते.

पाटोचा वाचक

कुशावती, 'अच्छेव' पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मागून बघा म्हणजे इतरांनाही मिळेल. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे, कोंकणी आणि मराठी दोन्ही विभाग समृद्ध. तिथं बसून वाचायला पावसाळ्यासारखे दिवस नाहीत. सैल यांची 'हावठण'सुद्धा घ्या. कुंभारांच्या आयुष्यावरची आहे, २०१६ चा सरस्वती सन्मान तिला मिळाला. चाक, माती, भट्टी याचं एवढं बारीक वर्णन मी मराठी कादंबरीतही क्वचितच वाचलंय.

साश्टीकार

धागा आवडला, पण मुद्दा मला अर्धाच पटला. किनारा म्हणजे फक्त पर्यटकांची वाळू असं धरलं तर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर अन्याय होतो.

मी आत्ता दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' संपवली. १९८१ ची कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी. कार्मेलीन घरकामाला कुवेतला जाते. आमच्या वाड्यावर अशी कामाला बाहेर गेलेली बाई नाही असं घर शोधावं लागेल. घरात नवीन फरशी आली, भावाचं लग्न थाटात झालं, हे सगळ्यांना दिसतं. त्या पैशाच्या पलीकडे तिनं तिथं काय सोसलं ते विचारायची कुणाची हिंमत नसते, आणि मावजोंनी नेमकं तेच लिहिलं. हा गोवा समुद्राच्या काठचाच आहे आणि यात एकही पर्यटक नाही.

मावजो माजोर्ड्याचे. त्याच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' या प्रसिद्ध हिंदी गाण्यातलं नाव त्यांच्यावरूनच आलं. पण गाण्यातल्या नावापुरते ते लक्षात राहिले हे मला बोचतं. या माणसानं १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभा करून आपलं रागसंगीत आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र वाजवून दाखवला होता, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले होते. त्या काळच्या हिंदी गाण्यांमागे जे व्हायोलिनांचे थवे ऐकू येतात, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन येतात, त्यातले कितीतरी हात साश्टी-बारदेशातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेजिओ, म्हणजे स्वरलिपी वाचून गायला शिकलेले. मी हल्ली जुनी गाणी ऐकताना गायक बाजूला ठेवून फक्त मागचं ऐकतो. करून बघा, गाणं दुसरंच होतं.

याच माणसांवरचा चित्रपट म्हणजे बार्डरॉय बार्रेटो यांचा 'नाचूया कुंपासार' (२०१५). क्रिस पेरी यांची गाणी, मुंबईच्या क्लबांतले गोंयकार वादक, आणि त्या जगात एका गायिकेची झालेली परवड. तिचा शेवटचा कार्यक्रम बघताना मी थेटरात उभा राहिलो होतो, माझ्यासोबत अख्खी रांग उभी होती.

कुशावती

साश्टीकार बाब, तुमचं म्हणणं मान्य. माझा राग किनाऱ्यावर नाही, किनाऱ्याच्या जाहिरातीवर आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी त्या जाहिरातीत बसत नाहीत. 'कार्मेलीन' आणि 'अच्छेव' शेजारी ठेवून वाचायला हव्यात. दोन्हींत बाहेरून आलेला पैसा घराच्या आतली रचना बदलतो. एकीकडे तो दाराशी खणून निघतो आणि दुसरीकडे विमानातून येतो, एवढाच फरक. बोरकरांच्या कवितेतही समुद्र आहेच की, पण तो बोरीच्या माणसानं जुवारी नदीच्या बाजूनं पाहिलेला आहे. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बाकीबाबच्या कवितांचं वाचन केलं होतं, त्याचं ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका. सुनीताबाई कवितेच्या मध्ये थांबतात ना, तिथं कविता समजते.

पर्वरीचा पोर

मी आजवर हिंदी गाणी आणि रॅप यापलीकडे गेलेलो नाही. मोगूबाई, केसरबाई ही नावं शाळेत पाठ केली, पण ऐकलं काहीच नाही. मोबाइलवर लावलं तर दहा मिनिटं काय चाललंय तेच कळत नाही. कुठून सुरुवात करू? मनापासून विचारतोय.

षड्ज

पर्वरीच्या पोरा, फार चांगला प्रश्न विचारलास. लांब मैफलीपासून सुरू करू नको. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांपासून कर, कारण तेवढ्या वेळात सगळं सांगायची त्या गायिकांवर सक्ती होती.

पहिलं, केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'. केरी गावची ही बाई, जन्म १८९२. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली, त्यातल्या जगभरच्या २७ संगीतरचनांत भारतातून ही एकच. साडेतीन मिनिटं. एकदा ऐक आणि फक्त आवाजाकडे लक्ष दे. पोटातून आलेला, उघडा, कुठंही न चोरलेला आकार. मग दुसऱ्यांदा श्वास कुठं घेतात ते शोध, सहज सापडायचा नाही. त्या १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या ते १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत, नाव झाल्यावरही. ध्वनिमुद्रणाला त्यांनी फारसा होकार दिला नाही, म्हणून जे थोडं हाती आहे ते जपून ऐकावं.

दुसरं, मोगूबाई. त्याही खाँसाहेबांच्याच. केसरबाईंचा आवाज अंगावर येतो, मोगूबाई तुला जवळ बसवून तालाचा हिशोब समजावतात. तबला काय करतोय ते ऐकत राहा. त्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर कशा येतात, किती लांबून वळण घेऊन आणि तरीही न धावता, हे एकदा कळलं की पुढचं आपोआप उलगडेल.

तिसरं, मोगूबाईंची मुलगी किशोरीताई आमोणकर, त्यांचा भूप, 'सहेला रे'. तीच विद्या, पण इथं सुराला थांबायची मुभा आहे. आईची लय आणि मुलीचा ठहराव मागोमाग ऐकलास तर एका घरात गाणं कसं बदललं ते कुणी समजावून सांगावं लागणार नाही. पुढे कधीतरी 'स्वरार्थरमणी' हे ताईंचं पुस्तक आणि अमोल पालेकर-संध्या गोखले यांचा 'भिन्न षड्ज' हा माहितीपट.

आता चित्रपटाचं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' मी अलीकडे पुन्हा पाहिला. २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला तो. यातल्या गुरुजींचं काम डॉ. अरुण द्रविड यांनी केलंय, आणि द्रविड हे मोगूबाई आणि किशोरीताईंचे शिष्य. चित्रपटातलं घराणं काल्पनिक असलं तरी शिष्याला गाताना अडवणारा तो गळा कुर्डीच्या परंपरेतला आहे. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर तो शिष्य, शरद, मोटरसायकल चालवतोय, कानात गुरुजींच्याही गुरू असलेल्या माईंची व्याख्यानं, मागे तंबोरा. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. माई सांगतात त्या साधनेच्या गोष्टी खऱ्याच आहेत, पण ऐकणाऱ्याच्या गळ्यात त्या उतरतीलच असं नाही. ज्यांनी कधी तंबोरा मांडीवर घेतलाय त्यांना हे प्रसंग सोसत नाहीत. मला तर मध्येच उठून व्हरांड्यात जावं लागलं.

मृदंगी

षड्ज दादा, चित्रपट थोर आहे, पण त्यातला निष्कर्ष मला मानवत नाही. शरदला मोठा गायक होता आलं नाही म्हणून त्याची वर्षं वाया गेली, ही शहराची मोजपट्टी झाली. आमच्याकडे गाणं असं मोजत नाहीत. माझे काका दिवसा बागायत करायचे आणि गुरुवारी देवळात भजनाला बसायचे. त्यांना कुणी कधी अयशस्वी गायक म्हटलं नाही. वाड्यावरच्या प्रत्येक घरात एकजण तरी पेटी, पखवाज किंवा झांज धरणारा. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत गवंडी, मास्तर, बसचालक एका पथकात गातात, आणि तयारी अशी की पट्टीचा गवई थांबून ऐकेल. जितेंद्र अभिषेकी मंगेशीच्या देवळातल्या कीर्तनकाराच्या घरातून वर आले ते याच जमिनीतून. 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली'ची पदं आजही आमच्या जत्रेतल्या हौशी नाटकांत गायली जातात, कधी सूर हलतो, तरी मंडप भरलेला असतो. शरद गोव्यात असता तर दर एकादशीला त्याला कुणीतरी बोलावलं असतं.

षड्ज

मृदंगी, मुद्दा भारी आहे आणि मला तो या आधी कुणी सांगितला नव्हता. एक मात्र म्हणतो, शरदला गावात गायचंच नव्हतं, त्याला माईंनी सांगितलेलं ते पलीकडचं हवं होतं. ते हवं असलेला माणूस वाड्यावरही एकटाच पडतो, असे दोघेजण मी फोंड्यात जवळून पाहिलेत. पण त्यांना दर आठवड्याला ऐकणारी माणसं होती, हे तुमचं अगदी खरं. पोरा, तुलाही मग मोबाइल पुरे. कार्तिकात मडगावची दिंडी असते, १९०९ पासूनची. हरिमंदिराच्या त्या दिंडीत भर रस्त्यावर बैठक मांडून नामवंत गवई गातात, तिकीट नाही, चप्पल काढून सतरंजीवर बसायचं. श्रावणात वास्कोला दामोदराचा सप्ताह, चोवीस तास अखंड भजन.

पर्वरीचा पोर

केसरबाई लागोपाठ ऐकतोय. श्वास शोधायला सांगितलात म्हणून हेडफोन लावून ऐकलं, दोनच ठिकाणी सापडल्यासारखा वाटला. मोगूबाईंची सम अजून माझ्या हातून निसटते, टाळी कुठं द्यायची ते चुकतं. तीनतालातलं एखादं सोपं नाव सांगाल? आणि दिंडीला मडगावात रात्री परत यायला गाडी मिळते का?

मृदंगी

सोपं म्हणजे आधी भजनाचा ठेका ऐक, आठ मात्रांचा, चालता चालता पायात बसतो. तो पायात बसला की तीनताल फक्त दुप्पट मोठं आवर्तन. रात्री उशिरा बस मिळणं कठीण, पण आमच्या वाड्यावरून दर वर्षी दिंडीला टेम्पो भरून जातो. कार्तिक लागला की इथंच विचार, पर्वरीच्या सर्कलला तुला घेऊ आणि सोडूही.